विमान क्रमांक ३७ लाकडाचे असल्याबाबत

वेर्ख्नी लोग, कामा नदीकाठ
दिनांक : ९ फेब्रुवारी १९४३

प्रति,
मा. अध्यक्ष,
लष्करी न्यायाधिकरण (हवाई विभाग),
मैदानी टपाल कार्यालयामार्फत

विषय : कनिष्ठ लेफ्टनंट ताइस्या येगोरोव्ना स्विरीदोवा यांनी विमान क्र. ३७ उडविले नाही, याचे एकमेव कारण सदर विमान लाकडाचे आहे हे असल्याबाबत.

संदर्भ : १) विमान क्र. ३७ चे स्वीकृती प्रमाणपत्र, दि. ३१ डिसेंबर १९४२ (खोटे).
२) मेकॅनिक फोमा गेरासिमोविच यांचे मला आलेले पत्र, दि. २९ जानेवारी (खरे).
३) सदर विमानात सापडलेल्या हातमोज्यातील चिठ्ठी (माझी).

महोदय,

१. मी, येलिसेइ पाखोमोविच कुर्यानोव, वय २३, येथील विमान कारखान्याच्या नमुना विभागात सुतार आहे. लहानपणी बर्फात डाव्या पायाची तीन बोटे गेल्यामुळे मला सैन्यात घेतलेले नाही. माझे काम असे की, नव्या विमानाचा आराखडा तयार झाला म्हणजे ते धातूचे करण्याआधी त्याच मापाचे लाकडाचे करावयाचे. मग राजधानीहून पाहणी समिती येते, आत बसते, हात लांब करते, डोके कोठे आपटते ते बघते आणि धातूचे करावयाचे किंवा नाही ते ठरविते. लाकडी नमुन्याने उडावे अशी अपेक्षा नसते. हे वाक्य मी अर्जाच्या सुरुवातीलाच घातले आहे, कारण गेला महिनाभर ते कोणाच्याही गळी उतरलेले नाही आणि येत्या २० तारखेच्या खटल्यात एका बावीस वर्षांच्या मुलीला त्यापायी गोळी घातली जाण्याचा संभव आहे.

२. विमान क्र. ३७ हा जमिनीवरील शत्रूवर खालून, झाडांच्या शेंड्यांवरून हल्ला करणाऱ्या एका नव्या विमानाचा नमुना आहे. आराखडा आमचे मुख्य अभियंता आर्सेनी व्लासोविच तुमानोव यांचा. त्यांनी इंजिन वैमानिकाच्या पाठीमागे ठेवले होते. नेहमीच्या विमानात वैमानिकाला समोर आपल्याच विमानाचे नाक दिसते, यात जमीन दिसली असती. ऑक्टोबरात समिती आली. समितीतील एक कर्नल अंगावरील मेंढीच्या कोटासह कॉकपिटात बसले आणि तेथेच अडकले. मी कॉकपिटाचा काठ दोन बोटे रुंदीने कापून त्यांना मोकळे केले. समितीने आराखडा उत्तम असल्याचे लिहिले आणि नामंजूर केला. नव्या विमानासाठी कारखान्याची मांडणी बदलावयाची तर चालू विमानांचे काम तीन महिने थांबले असते, आणि आघाडीला तीन महिने थांबता येत नाही. निर्णय बरोबर होता. तुमानोवसाहेब एवढेच म्हणाले, "म्हणजे चूक नाही हो कसली. फक्त वेळ नाही." त्यानंतर ते दररोज दुपारी नमुन्याच्या कॉकपिटात बसून आपला उकडलेला बटाटा खात. त्यांना डिसेंबरच्या सुरुवातीस छातीच्या विकाराने रुग्णालयात हलविले असून, पुढे जे घडले त्यातले त्यांना काहीही ठाऊक नाही. नमुना शेडमध्येच आहे असे ते समजतात.

३. आमच्या कारखान्यात महिन्याचे पहिले वीस दिवस मालाची वाट पाहण्यात जातात आणि शेवटचे दहा दिवस झोप न घेण्यात जातात. आपणांस हे माहीत असेलच. डिसेंबरच्या शेवटच्या तुकडीत बारा विमाने द्यावयाची होती. एकतीस तारखेस दुपारी चार वाजता अकरा तयार होती. बाराव्याचे पंख आले नव्हते. सबब बाराव्या जागी तात्पुरता लाकडी नमुना उभा करण्याचे ठरविण्यात आले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात खरे विमान तयार होताच ते त्या जागी ठेवावयाचे व नमुना गुपचूप शेडमध्ये परत न्यावयाचा, असा बेत होता. त्याप्रमाणे नमुन्यास हिरवा रंग दिला, त्यावर ३७ हा आकडा घातला, आणि भांडारातील एका खऱ्या इंजिनाचा क्रमांक प्रमाणपत्रात लिहिण्यात आला. प्रमाणपत्रात 'सुधारित नमुना' असाही शब्दप्रयोग आहे. तो त्या दिवशी सर्वांना आवडला होता.

४. लष्कराच्या वतीने विमान ताब्यात घेणारे अधिकारी चाळीस तास झोपलेले नव्हते. त्यांनी नमुन्यावर बोटांनी टकटक केली. येथे मला एक खुलासा करावयाचा आहे. विमान बघायला आलेला प्रत्येक मनुष्य एकाच ठिकाणी टकटक करतो : कॉकपिटच्या डाव्या बाजूस, खांद्याच्या उंचीवर. समितीला बरे वाटावे म्हणून मी नेमक्या त्या जागी वीतभर चिलखती पत्रा बसविला होता. अधिकाऱ्यांना लोखंडाचा आवाज आला. त्यांनी सही केली.

मालगाडी आमच्याकडे नेहमी नऊ दिवस उशिरा येते. त्या दिवशी दोन तासांत आली. पंख निघत नसते तर नमुना गाडीवर चढला नसता. परंतु समितीने विचारले होते की विमान रेल्वेने नेता येईल काय, आणि मी आठ बोल्ट काढताच पंख निघतील अशी सोय केलेली होती. माझ्या कामातला चोखपणा प्रत्येक टप्प्यावर असा आड आला.

५. आमच्याकडे रिवाज आहे की, विमान आघाडीवर जाताना कामगार त्याच्या कॉकपिटात काहीतरी ठेवतात. तंबाखूची पुडी, मोजे, चार ओळी. कोणी वैमानिक उलट पत्र पाठवितो आणि मग ते पत्र जेवणाच्या खोलीत मोठ्याने वाचतात. विमान क्र. ३७ मध्ये करड्या लोकरीचा, लाल दोरा घातलेला डावा हातमोजा होता. तो माझा. आतील चिठ्ठीत मजकूर असा : 'कॉम्रेड वैमानिक, हे विमान मी माझ्या स्वतःच्या हातांनी केले आहे. त्याच्यावर भरवसा ठेव.' खाली नाव व पत्ता. हे सर्व माहीत असताना मी ती चिठ्ठी का ठेवली, ते परिच्छेद ९ मध्ये लिहिले आहे. येथे लिहिण्यास मला लाज वाटते. तेथेही वाटणार आहे, पण थोडा अवधी मिळेल.

६. पुढील हकिगत मेकॅनिक फोमा गेरासिमोविच यांच्या पत्रातून उतरवून देत आहे. ते स्विरीदोवा यांच्या विमानाचे मेकॅनिक आहेत आणि माझा पत्ता त्यांना हातमोज्यात मिळाला.

"अरे सुतारबुवा," असे ते लिहितात, "तुझी चिठ्ठी पोचली. विमानपण पोचलं. आता दोन्हीचं काय करू ते कळव. अठ्ठावीस वर्षं मी इंजिनं खोलतोय. तुझ्या इंजिनाचं झाकण काढलं तर आत आणखी एक झाकण, आणि ते काढलं तर देवदार. ताइस्या शेजारीच उभी होती. म्हणाली, 'फोमाकाका, हे विमान आहे की कपाट?' मी म्हटलं, 'पोरी, कपाटाला निदान कप्पे असतात.' तेव्हा आम्ही दोघं हसलो. ते शेवटचं हसणं.

"मेजरांना सांगायला गेलो. मेजर म्हणाले, 'लाकूड? मग त्यात काय? बाकीच्यांच्या शेपट्या कशाच्या आहेत? देशात अॅल्युमिनियम नाही, स्विरीदोवा. जे मिळतं त्यात उडायचं.' पोरगी म्हणाली, 'कॉम्रेड मेजर, शेपटी लाकडाची चालते. इंजिन लाकडाचं चालत नाही.' ते म्हणाले, 'सुधारित नमुना आहे तो. तुला काय कळतंय?' पण मला वाटतं, त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. पोचपावतीवर सही करून बसले होते ना, बारा म्हणून! वरती कळवलंही होतं, बारा म्हणून. मग वरून हुकूम आला, अठरा तारखेला बारा विमानांनी रेल्वे स्थानकावर हल्ला करायचा."

अठरा तारखेस तेथे उणे एकतीस होते. एवढ्या थंडीत इंजिनाखाली शेगडी पेटवून ते गरम करतात, हा सर्वत्र शिरस्ता आहे. बाराही विमानांखाली शेगड्या लावण्याचा हुकूम होता. पुढे फोमाकाका लिहितात :

"मी म्हटलं, 'कॉम्रेड मेजर, हिच्याखाली नको, पेटेल.' ते म्हणाले, 'हुकूम बारांचा आहे.' लावली. पाच मिनिटांत असा धूर सुटला बाबा, सगळ्या मैदानावर सरपणाचा वास! स्वयंपाकी बाहेर येऊन बघायला लागला. मेजरांनी लांबून धूर पाहिला आणि वहीत लिहिलं : '७.४०, इंजिन सुरू झाले.' पोरगी आत बसलेलीच होती. बस म्हटलं म्हणून बसली, पट्टेसुद्धा बांधले. ती खाली उतरली, बादलीभर बर्फ आणलं आणि आग विझवली. मेजरांनी लिहिलं : '७.५२, वैमानिकाने स्वतः इंजिन बंद केले.' आता हे तिच्या आरोपपत्रात आहे. अकरा विमानं गेली. नऊ परत आली. वरून विचारणा झाली की बारावं कुठं होतं. मेजरांपुढं दोनच उत्तरं होती. एकतर विमान नव्हतं, नाहीतर हिंमत नव्हती. त्यांनी स्वतःला सोडून दुसऱ्याच्या हिमतीवर ढकललं."

७. आरोपपत्रात आणखी एक मुद्दा असल्याचे कळते : 'घटनेनंतर तपासले असता सर्व उपकरणे सुस्थितीत असून सर्व काटे योग्य जागी होते.' हे सत्य आहे. ते काटे मी रंगविलेले आहेत. तेलाचा दाब, पाण्याचे तापमान, इंधन, सर्व काही मी बारीक कुंचल्याने योग्य जागी रंगविले, कारण दुसरीकडे कोठे रंगविणार? इंधनाची टाकी त्यात कायम पूर्ण भरलेली आहे. वायरलेसही लाकडाचा आहे. मान्यवर न्यायाधिकरणाने कृपया एखाद्या काट्यावर नखाने खरवडून पाहावे.

मात्र ते पाहता येणार नाही, असेही फोमाकाका कळवितात. 'सुधारित नमुना' असल्यामुळे सदर विमान गुप्त ठरविण्यात आले आहे. त्यावर ताडपत्री टाकून पहारा बसविला आहे, आणि चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनासुद्धा परवानगीअभावी ताडपत्री उचलता आली नाही. त्यांनी बाहेरूनच टकटक केली. कोठे केली असेल, हे मी वर लिहिले आहे.

८. पत्र मला ५ तारखेस मिळाले. मी स्वीकृती प्रमाणपत्र रद्द करून घेण्यासाठी कारखान्याच्या कचेरीत ग्लाफिरा मात्वेयेव्ना यांच्याकडे गेलो. पाठविलेल्या प्रत्येक विमानाचा कागद त्यांच्या हातून जातो. त्यांनी मला बसविले, चहा दिला, आपल्या खुर्चीचा पाय डुगडुगतो तो ठीक करून घेतला आणि म्हणाल्या, "येलिसेइ, लेकरा, कागदावर गेलेलं विमान परत येत नसतं. तू बारा खोडणार, म्हणजे अकरा राहिली. अकरा म्हणजे महिना अपुरा. महिना पुरा झाला म्हणून चारशे माणसांना जादा पाव मिळाला होता जानेवारीत. तो काय तू पोटातून काढून आणणार आहेस?" मी म्हणालो की, त्या मुलीला गोळी घालतील. त्यांनी समोरची फाइल मिटवून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "माझे दोघं मुलगे तिकडेच आहेत. मला काही सांगू नकोस. आणि पाव तूही खाल्लास." खाल्ला होता. रोज दीडशे ग्रॅम, सव्वीस दिवस.

उठताना त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितले की, भांडाराला आज कुलूप नाही. मी तेथे गेलो. प्रमाणपत्रात विमान क्र. ३७ चे म्हणून जे इंजिन नोंदलेले आहे, ते तेथे कोपऱ्यात ग्रीस लावून ठेवलेले आहे. भांडारातील माणसे त्यावर फळी टाकून कोबीचे सूप पितात. त्याच्या क्रमांकपट्टीवर कागद ठेवून मी शिसपेन्सिल घासून आणली आहे. कागदावर कोबीचा एक डाग आहे, त्याबद्दल क्षमा असावी. जे इंजिन कामा नदीकाठी सुपाखाली आहे, ते आघाडीवर ७.५२ वाजता बंद करणे कोणाही वैमानिकास शक्य नाही.

९. आता दुरुस्ती.

परिच्छेद ३ मध्ये मी 'ठरविण्यात आले' असे लिहिले आहे. कोणी ठरविले ते लिहिलेले नाही. सूचना माझी होती.

त्या दिवशी दुपारी संचालक टेबलावर कोपरे टेकून बसले होते आणि सगळे भिंतीला टेकून उभे होते. मी म्हणालो, "शेडमध्ये एक उभं आहे की. रंग दिला तर कोणाला कळणार नाही." मी विनोद केला होता. मला विनोद करण्याची जुनी खोड आहे, आणि विनोद करताना मी हसत नाही. हसणाऱ्याचा विनोद हलका होतो असे मला वाटत असे. म्हणून कोणाला ते कळले नाही. संचालकांनी मान वर केली आणि विचारले, "रंग वाळायला किती वेळ लागेल?"

तेव्हा 'गंमत केली' एवढे दोन शब्द पुरे होते. मी म्हणालो, "दोन तास."

महोदय, मी भीतीपोटी गप्प बसलो असे लिहिले असते, तर आपण कदाचित समजून घेतले असते. पण मला भीती वाटली नव्हती. मला आनंद झाला होता. सात महिने मी त्याला रंधा मारला, सांधे बसविले, सरस उकळला, काचकागदाने असे गुळगुळीत केले की तुमानोवसाहेब डोळे मिटून त्यावर हात फिरवीत. नामंजूर झाल्यावर ते तसेच धूळ खात राहणार होते, आणि ते दाराबाहेर पडलेले मला एकदा पाहावयाचे होते. हमालांबरोबर मी स्वतः त्याला ढकलले. गाडीवर चढविताना मला पुन्हा एकदा बोलण्याची संधी होती. मी बोललोही. मी म्हणालो, "शेपटीवर कांबळं टाका, रंग ओला आहे, ओरखडे येतील." हातमोजा आणि चिठ्ठी त्याच वेळी ठेवली. खऱ्या विमानात ठेवतात, म्हणून ठेवली.

त्या रात्री मला नमद्याच्या बुटांचा जोड बक्षीस मिळाला आणि दुसऱ्या दिवशी सन्मानफलकावर माझे नाव लागले. ते अद्याप आहे. मी रोज त्याच्याखालून जातो. फोमाकाकांचे पत्र आल्यावरही हा अर्ज लिहिण्यास मी चार दिवस लावले. त्यातला एकच दिवस कचेरीत गेला. उरलेल्या तीन दिवसांचे कारण मजजवळ नाही.

१०. तरी आपल्या चरणी विनंती पुढीलप्रमाणे. मला साक्षीस बोलवावे. कारखाना सोडून जाण्याचा परवाना मला मिळत नाही, परंतु आपले समन्स आल्यास कोणी अडवू शकणार नाही. ताडपत्री काढण्याची परवानगी आपण द्यावी आणि सर्वांसमक्ष विमान क्र. ३७ चा डावा पंख मुळापासून तिसऱ्या फासळीपाशी कापावा. मी स्वतः कापून देतो. भुसा पडला तर लेफ्टनंट स्विरीदोवा खरे बोलत आहेत. धातू निघाला तर मी खोटा, आणि मला तेथेच उभे करावे. भुसा पडला तरीही त्यांच्या जागी कोणी उभे राहावयाचे असल्यास ती जागा माझीच आहे, हे मी पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. ज्या अर्जाच्या विषयात विमान लाकडाचे आहे असे लिहिले आहे, तो वाचून कोणास गंमत वाटण्याचा संभव आहे. यावेळीही मी हसलेलो नाही. परंतु यावेळी तो विनोद नाही.

कापण्याची जागा मी नेमून देत आहे, त्याचे कारण सांगणे भाग आहे. तिसऱ्या फासळीवर आतल्या बाजूस माझे नाव आहे. समिती येण्याच्या आदल्या दिवशी पंख बंद करण्यापूर्वी मी पेन्सिलने लिहिले होते. लिहिताना तुमानोवसाहेब आले व म्हणाले, "काय रे खरडतोस तिथं?" मी म्हणालो, "माप." ते माप नाही. नावाआधी एक शब्द आहे : 'उडेल.' तो शब्द आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून धरू नये, अशी कळकळीची विनंती आहे. तो लिहिला तेव्हा मी धातूच्या विमानाबद्दल बोलत होतो. जे कधी झाले नाही, त्याबद्दल.

तुमानोवसाहेबांना कापल्याचे कळवू नये. शेडला मी कुलूप लावले आहे.

ज्यांच्या हाती भरवसा ठेवण्यास सांगून लाकूड दिले, त्यांची क्षमा मागण्याचे धाडस नसलेला, आपला नम्र,

येलिसेइ पाखोमोविच कुर्यानोव
सुतार, नमुना विभाग

सोबत (उद्या निघणाऱ्या मालगाडीच्या रक्षकाबरोबर) :

१) मेकॅनिक फोमा गेरासिमोविच यांचे मूळ पत्र.
२) भांडारातील इंजिनाच्या क्रमांकपट्टीचा पेन्सिलीने घेतलेला ठसा (डागासह).
३) उजवा हातमोजा, करडा, लाल दोऱ्याचा. विमानात सापडलेल्या डाव्याशी जुळवून पाहावा.
४) नमद्याचे बूट, एक जोड. सहा दिवस वापरलेले. लेफ्टनंट स्विरीदोवा यांच्या पायास होत असल्यास त्यांना द्यावेत, त्यांच्या कोठडीत शेगडी नाही असे कळते.
५) हातकरवत, नुकतीच धार लावलेली. माझ्या येण्यासाठी खटला थांबविता येत नसेल तर कोणीही चालवावी. लाकूड मऊ आहे.